निधान

पंधरा ग्रॅम.
एवढं सोनं एका दमात
गेल्या दिवाळीनंतर मी तोललेलं नाही.
आता रोज पहाटे साडेपाचला, दुकानाचं शटर खालीच ठेवून,
काचेच्या पेटीतल्या त्याच काट्यावर
सकलेशपूरच्या बिया घालतो,
एक जास्त झाली तर चिमट्यानं उचलतो.
सवय. दुसरं काय.

बिया सूनबाईच्या माहेरच्या.
शिवलीला आमच्या शहापुरात आली त्याला सहा महिने झाले.
बरोबर चिनीमातीचं एक नरसाळं, कागदाच्या टोप्या,
आणि मराठीचे जेमतेम वीस शब्द.
माझ्याकडे तिच्या भाषेतले त्याहून जास्त,
पण सगळे गिऱ्हाइकाचे:
एष्टु, तूक, नाळे बर्री.
किती, वजन, उद्या या.
घरात यातलं काय बोलणार?

पहिली कॉफी मी केली ती काढा झाली.
भाकरीला दळतात तसं पीठ दळलेलं,
पाणी वर तुंबून बसलं, सुटेचना.
दुसऱ्या दिवशी भरड. भसकन खाली,
कपात आंबूस, पिवळट काहीतरी.
तिनं दोन्ही वेळा कप रिकामा केला
आणि तिसऱ्या दिवशी डब्यातला इडलीचा रवा
चिमूटभर माझ्या तळहातावर ठेवला.
एवढं.
समजलं.

तपेल्यानं ओतलं की मधोमध खड्डा पडतो,
पाणी कडेकडेनं पळून जातं.
म्हणून तांब्याच्या जुन्या झारीला मीच नळी बसवली,
बगळ्याच्या मानेसारखी वाकवून,
चांदीची झाळ दिली, आतून कल्हई करून आणली.
चार वर्षांत फुंकणी तोंडाला लावली नव्हती.
हात थरथरतो. नथीचं बारीक काम पोराकडे दिलंय,
हे अख्ख्या सराफ गल्लीला ठाऊक,
बोलत कुणी नाही.

थरथर नळीतून धारेत उतरली.
धार नाचायला लागली, थेंब ओट्यावर.
पाठीमागून ती म्हणाली,
"निधान, मामा."

शब्द काय नवा नव्हता.
घाटातल्या फलकांवर वाचलेला,
ट्रकांच्या पाठीवर, शाळेपुढच्या गतिरोधकाजवळ:
सावकाश.
पण घरात, इतक्या हळू, कुणी म्हटला नव्हता;
आणि हळू म्हटला की तो माझ्या भाषेत पडतो,
तिथे निधान म्हणजे पुरलेलं धन,
कुणाच्या तरी परसातला मोहरांचा हंडा.
तिला हे कसं सांगावं ते कळेना.
मी कोपर ओट्यावर टेकवलं.

आता असं करतो.
आधणाचा आवाज बसेपर्यंत थांबतो.
आधी नुसता कागद भिजवतो, त्याचा वास जावा म्हणून.
मग भुकटीवर दोन घोट पाणी, जास्त नाही.
ती फुगते, तडकते, बुडबुडे सोडते,
मुशीतल्या सोन्याची असते तशी कुरबुर करते.
चाळीसपर्यंत मोजायचं.
ती कन्नडात मोजते, मी मराठीत.
नलवत्तु. चाळीस.
या गावात आकड्यांवर एवढं एकमत
बरंच म्हणायचं.
मग मधून बाहेर, बाहेरून मध्ये,
राकसकोपचं पाणी गोल गोल,
तारेचं वेटोळं घालावं तसं.
कधी जमतं.
परवा नाही जमलं, तरी प्यालो.

काल झारेकरी आला, दुकानाचा केर न्यायला.
नेण्याआधी मूठभर परातीत धुऊन बघत बसला,
बघता बघता थबकला.
"अण्णा, हे काळं काय हो? लोखंड नव्हे, कोळसा नव्हे."
हुंगलं. जिभेवर ठेवलं. थुंकला नाही.
"ह्यातनं काय निघणार की!"

आत झारी तापत होती.
बस जरा, म्हटलं.
निघतंय.